तुळसामावशीचं बारसं

आधीच सांगते, माझा आवाज मोठा आहे. कसालच्या आमच्या कॉम्प्युटर सेंटरात बारा पोरं शिकतात आणि बाराही मला टरकून असतात. टरकत नाही ती एकटी तुळसामावशी. बाजारात मासे विकून विकून तिचा आवाज माझ्याही वर गेलाय.

दोन हजार दहाच्या फेब्रुवारीत ती टोपली दाराबाहेर ठेवून सरळ आत आली.

"शर्मिला, भावाच्या झिलाचा बारसा बुधवारी अकराक. आत्या मी. तोंड बघल्याशिवाय नाव कसा ठेवू गो?"

झील म्हणजे मुलगा, आणि भाऊ म्हणजे गुरुदास. सिंगापुरात जहाजं दुरुस्त करतो, बायको तिथेच नर्स. पाच वर्षांपूर्वी कुंपणावरून भावाबहिणीत जे फाटलं, त्यानंतर फोन नाही की पत्र नाही. आता वहिनीचा निरोप आला होता : नाव आत्यानेच ठेवायचं, कॉम्प्युटरवर समोरासमोर. ठरल्या वेळी ही दिसली नाही, तर गुरुदास धरून चालणार की बहिणीने अजून राग सोडला नाही. मावशीला त्याच धास्तीने अन्न जात नव्हतं.

आता आमच्याकडची गंमत ऐका. खरं मशीन एकच, मागच्या खोलीत. टेबलांवर नुसते पडदे. साच्यातून शाडूचा गणपती काढावा तसं ते मशीन प्रत्येकाला नवाकोरा कॉम्प्युटर काढून देतं, आणि माणूस बाहेर पडला की मोडून टाकतं. साच्यात आहे तेवढंच पुन्हा मिळतं, वरून घातलेलं सगळं जातं. आणि साच्यात टायपिंगशिवाय काही घालायचं नाही, असा आमच्या अध्यक्षांचा, हरिश्चंद्रभाऊंचा हुकूम. म्हटलं, नको साच्याच्या वाटेला जायला. मावशीच्या पडद्यावरच बोलायचं सॉफ्टवेअर घालू, ती तासभर उठली नाही म्हणजे झालं.

बुधवारी दहाला तिला बसवलं. आमचं इंटरनेट म्हणजे काय विचारू नका, अर्धा तास त्यातच गेला. पण साडेदहाला कॅमेरा लागला आणि मावशीने पडद्यावर स्वतःला पाहिलं.

"अगो बाय माझे! ही मी?"

"तूच. आता अकरापर्यंत हलूचा नाय, कशाक हात लावूचो नाय!" मी दम दिला.

एवढ्यात तिचे थोरले दीर गंगारामआजोबा नारळ घेऊन आले. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलं काम सुरू होतं? आजोबांनी पडद्यापुढे नारळ धरला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज जो घाट घातलो हा, तो तडीस ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाराही पोरं टाइप करता करताच ओरडली. मीही हात जोडले.

आजोबांनी ग्रामदेवतेला घेतलं, सीमेवरच्या राखणदाराला घेतलं, तारेतून आवाज नेणाऱ्याला घेतलं. "आणि सिंगापुरच्या वेशीवर जो कोण आसात, तेकाव हात जोडतंय म्हाराजा!" गाऱ्हाणं अर्ध्यावर तोडायची कोणाची छाती आहे? पंधरा मिनिटांनी नारळ खाली आला.

पडदा कोरा. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की मशीन समजतं माणूस उठून गेला, आणि त्याचा कॉम्प्युटर मोडून मोकळं होतं. हे मला ठाऊक होतं. पोरांना शिकवते मी!

"कोणी हात लावला?" मी उगाच ओरडले.

"तूच सांगलंस लावू नको म्हणान," मावशी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "आता तेका वाटतला मी मुद्दाम येवक नाय."

पावणेअकरा वाजून गेले होते. पुन्हा अर्धा तास कुठून आणू? मागच्या मोठ्या मशीनला इंटरनेटची तार थेट येते, तिथे साच्यातच घातलं तर दहा मिनिटांत होणार होतं. पण त्यासाठी मशीन बंद करायला लागणार, आणि पोरांची चालू परीक्षा, चाळीस मिनिटांचं टायपिंग, सगळं पाण्यात. मी तोंड उघडायच्या आत पोरांतली वर्षाली उभी राहिली.

"मॅडम, करा बंद. आम्ही परत टाइप करू."

गुणाची पोरं माझी! कधी तोंडावर म्हटलं नाही, इथे म्हणते. हरिश्चंद्रभाऊंना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं आणि साच्याला हात घातला.

अकरा वाजून सात मिनिटांनी गुरुदास दिसला. चेहरा दगडासारखा.

"बाय, माका वाटला तू येवचंस नाय."

"मेल्या, तासाभरापासून बसलंय मी हय!"

दगड जरासा हलला. त्याने बाळाचा कान कॅमेऱ्याजवळ आणला. मावशी माइकला जवळजवळ चिकटली. "कुर्रर्र..." आणि मग अगदी हळू, "स्वरूप."

आत्याने कानात नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. तिकडे ती तिघंच होती. इकडून मी एक घातला, वर्षालीने एक घातला.

"मॅडम," गुरुदासचा आवाज चिरकला, "एक माझ्या वाटणीचो घाला. जोरात घाला. पाच वर्षांचो रवलो हा."

मावशीची पाठ हुंदक्यांनी हलत होती. माझा हात वर तो वरच राहिला, खाली येईना. तिने पदरातून तोंड न काढताच म्हटलं,

"घाल गो शर्मिला. भाव सांगता, घाल."