काळे रंगवलेले चार दात

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि जिभेने वरचे पुढचे चार दात चाचपून पाहा. आता ते चारही किडून काळे पडले आहेत, अशी कल्पना करा. जमलं? मग आपली ओळख झालीच.

मी एक जुना प्लास्टरचा जबडा आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांच्या एका मुलीच्या तोंडाचा ठसा घेऊन मला घडवलं. ठसा घेताना ती हलली, म्हणून माझी डावी कड वाकडी आहे. तिचे किडके दात पुढे काढावे लागले. माझे काळे रंगवले. दुखतं का म्हणाल, तर नाही. प्लास्टरला कसलं दुखणं.

दर बुधवारी बाई मला आयांपुढे टेबलावर ठेवतात. अंगावर पिताना बाळाचा जबडा कामाला लागतो, त्याची वाढ नीट व्हायला मदत होते आणि साखर-दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलं की दात किडतात, असं समजावतात. उरलेले दिवस मी कपाटात धूळ खातो.

एका बुधवारी एकीने विचारलं, "बाई, हा कुणाच्या सासूचा जबडा?"

"सासूचा असता तर इतका वेळ गप्प बसला असता होय?" शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या.

मागच्या बाकावरची एक आई हसली नाही. तिच्या मांडीवर तीन महिन्यांचा मुलगा होता, शेजारी सहा वर्षांची मुलगी. परवापासून आईला कारखान्यात कामावर जायचं होतं. पिशवीत नवी बाटली होती. ती माझ्या वाकड्या कडेकडे बघत राहिली.

"हे हिचे दात," मुलीकडे बोट दाखवत ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. काहीच नव्हतं. "साखर मीच घालायचे. शांत झोपायची."

"तुला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "कामावर जाताना पाज, आल्यावर पाज. मधल्या वेळेसाठी अंगावरचं दूध काढून ठेव, वाटी-चमच्याने बाळाची आजी पाजेल. आणि रोज ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसायच्या."

"सासूबाई म्हणतात, बाटली सोपी."

"त्यांना पुढच्या बुधवारी घेऊन ये. या जबड्याशी गाठ घालून देते."

आईने बाळाला खांद्यावर घेतलं आणि पिशवीतली बाटली टेबलावर माझ्याशेजारी आणून ठेवली.

मित्रांनो, घरात तान्हं बाळ असेल तर एवढं आईला वाचून दाखवा. या आईला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर मी घडलोच नसतो.

मुलगी टेबलापाशी आली. ओल्या रुमालाने तिने माझे काळे दात एकेक करून पुसले. रंग निघाला नाही. मग तिने हात धुतले, बाईंकडून कोरं फडकं मागून भिजवलं आणि बाळापाशी येऊन आईला म्हणाली, "याचं तोंड उघड."