वरचा गिलावा

दया गवार निवडत बसली होती तेव्हा स्वयंपाकघराच्या छताचं प्लास्टर पडलं. बाजेएवढा एकच तुकडा. आवाज ऐकून मी मोरीतून धावत आलो, तोवर तिचं डोकं फुटलं होतं आणि हातात शेंग तशीच होती. आमची मुलगी एंजेला दारात उभी होती. ती आईकडे बघत नव्हती, वर बघत होती. वर उघडा स्लॅब होता.

मी तो तुकडा बाजूला ढकलला. त्याची पाठ ताटासारखी गुळगुळीत होती. प्लास्टरने धरावं म्हणून स्लॅबला आधी छिन्नीने टोचे मारावे लागतात. इथे ते मारलेच नव्हते. हे काम प्रभुदासचं होतं. प्रभुदास दयाचा सख्खा धाकटा भाऊ. कबरस्तानात तो दयाच्या पेटीवर माती टाकायला वाकला तेव्हा मी त्याचा गळा धरला. चौघांनी मिळून माझी बोटं सोडवली. त्यानंतर मी त्याचं तोंड बघितलं नाही.

नागापूरचं ते घर मी विकलं. निंबळकच्या रस्त्याला दयाने हट्टाने घ्यायला लावलेला प्लॉट होता, तिथे बांधकाम काढलं. विटा झाल्या, स्लॅब पडला आणि प्लास्टरपाशी सगळं अडलं.

एंजेला मला सावेडीत छगनशेठच्या दुकानात घेऊन गेली. त्याने नमुने मांडले. वाळू-सिमेंटचा, गोणीत तयार मिळणाऱ्या मालाचा आणि जिप्समचा. बाहेरून आणि मोरीला सिमेंटच करा, आत जिप्सम करा, पाणी मारायची कटकट नाही, म्हणाला. एवढं गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. मी विचारलं, पडतं का. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तो हसला. मी जिप्समचा नमुना उचलून काउंटरच्या कडेवर आपटला आणि त्याचे तुकडे त्याच्यापुढे टाकले.

बाहेर आल्यावर मी एंजेलाला सांगितलं, भिंतींना हवं ते लाव, छताला काही लावायचं नाही. ती म्हणाली, उघड्या स्लॅबखाली मी एक रात्रही झोपणार नाही, डोळे उघडले की मला आईच दिसणार. हे ती पहिल्यांदाच बोलली होती. छताला जो थापी लावेल त्याचा हात मोडीन, एवढंच मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात वीज गेली म्हणून कंपनी लवकर सुटली. मी सरळ साइटवर गेलो. आतल्या खोलीचं छत पांढरं झालं होतं. ते वाळलेलंही होतं. परांचीवर प्रभुदास भिंतीची कड काढत होता. खाली एंजेला उभी होती, तिनेच त्याला फोन करून बोलावलं होतं.

मी परांचीच्या बांबूला लाथ घातली. फळी सटकली आणि तो पाठीवर आपटला. मी त्याला उठू दिलं नाही. पहिला ठोसा तोंडावर बसला, दुसरा कानावर. त्याचा दात माझ्या बोटात रुतला. एंजेला मागून माझा शर्ट ओढत होती, तो फाटला. प्रभुदास हात वर करत नव्हता, त्यामुळे मला जास्तच चेव येत होता. मी कोपऱ्यातला घण उचलला.

"मारा दाजी," तो म्हणाला. हनुवटीवरून रक्त गळत होतं. "पन मला न्हाई. वर मारा. म्या खाली उभा ऱ्हातो."

तो भिंतीला धरून उठला आणि खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून फेकली.

"मामा, नको," एंजेला म्हणाली.

"तू भायेर हो बाय. पडलं तर माझ्या डोक्यात पडू दे."

मी छताला हात पोचावा म्हणून ठेवलेल्या लोखंडी घोडीवर चढलो आणि घण वर हाणला. चुरा डोळ्यांत गेला. दुसऱ्या घावाला वाटीएवढा खड्डा पडला आणि तुकडा त्याच्या कपाळावर बसला. कपाळ फुटलं. तो हलला नाही. मी घोडी सरकवत मधे हाणलं, कोपऱ्यात हाणलं. हाणावं तिथे तेवढंच फुटत होतं, शेजारचं हलत नव्हतं. मी त्याला शिव्या देत हाणत होतो. तळहाताची सालं निघाली, दांडा हातातून निसटायला लागला. बाजेएवढा एक तुकडा सुटावा आणि त्याच्या डोक्यात पडावा, असं मला वाटत होतं. तो सुटला नाही.

हात वर जाईनात तेव्हा मी खड्ड्यांत बघितलं. स्लॅबला टोचेच टोचे होते, जात्याला टाकी लावावी तसे. मोकळी जागा कुठेच नव्हती.

"तवा का न्हाई मारले?" मी विचारलं.

"आक्का म्हनली, ईस्टरच्या आत सैपाकघर पायजे. म्या म्हनलो, वर कुनाला दिसतंय."

हे ऐकून मला त्याला परत मारावंसं वाटलं. अंगात जोर नव्हता. एंजेला वरच्या खड्ड्यांकडे बघत भिंतीला चिकटून उभी होती.

"पप्पा, ते बुजवा," ती म्हणाली.

या घराच्या स्वयंपाकघराचं छत अजून उघडं होतं. प्रभुदासने छिन्नी-हातोडी उचलली. मी ती हिसकावून घेतली, घोडी ओढत तिकडे नेली आणि टोचे मारायला लागलो. तो माझ्यामागे आला आणि तिथेही खाली उभा राहिला. कपच्या त्याच्या फुटक्या कपाळावर पडत होत्या. बराच वेळ मी त्याला तसंच उभं ठेवलं.

"बाजूला हो," शेवटी मी म्हणालो. "त्या खोलीचे खड्डे बुजव आधी."