खिशातली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणावर बिस्किटांचं चित्र आहे, पण त्याला भुलू नका. माझ्यातली बिस्किटं एका आठवड्यात फस्त झाली, आणि तेव्हापासून माझ्या पोटात आहे ते इंग्रजी!

एका इंग्रजीच्या बाईंनी मला धुऊन पुसून घेतलं आणि पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या माझ्यात भरल्या. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. फाइट बॅक म्हणजे उलटून लढणं. होल्ड आउट म्हणजे तग धरणं. गिव्ह इन म्हणजे नमतं घेणं, आणि गिव्ह अप म्हणजे हार मानून सोडून देणं. सगळे शब्द झुंजीचेच. बाई म्हणायच्या, "गुड मॉर्निंग कुणीही शिकवेल. माझ्या मुलांना भांडता आलं पाहिजे."

त्यांचा नियम कडक होता. चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावर स्वतःबद्दलचं खरं वाक्य सांगायचं. वाक्य खोटं निघालं, तर चिठ्ठी खिशात घालून घरी न्यायची आणि ते खरं झाल्यावरच परत आणायची. एक चिमुरडी म्हणाली होती, "मी आईपुढे गिव्ह इन केलं आणि दूध प्याले." काय हसले होते सगळे! पण वाक्य खरं होतं, चिठ्ठी लगेच आत आली. तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू!

मग बाई निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्या घरी कपाटावर चढलो. वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. एकदा एक झुरळ येऊन राहिलं, तेही कंटाळून गेलं.

आणि एके दिवशी बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं अडखळलं. डॉक्टर काकांना म्हणाले, "पहिले काही महिने फार मोलाचे. त्यांना रोज बोलतं करा." काका म्हणजे बाईंचे यजमान, घड्याळं दुरुस्त करणारे. बाईंनी पाणी मागायला तोंड उघडलं आणि शब्द निघाला "खिडकी". जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सुधारलेली बाई ती! त्यांनी ओठ मिटले ते मिटलेच.

काकांचा जीव तुटायचा. "पाणी हवं? पंखा लावू? उशी देऊ?" बाईंनी नुसती मान हलवायची. प्रेमापोटीच करत होते हो, पण त्यामुळे बाईंना तोंड उघडायची गरजच उरली नाही. असेच दोन महिने गेले.

शेवटी काकांनी मला खाली काढलं. त्यांचं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद. डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून ते एकेक अक्षर जुळवू लागले. बाईंनी डाव्या हाताने मला असं ढकललं की मी थेट फरशीवर! माझ्या कोपऱ्यावरचा हा पोचा तेव्हाचा. काकांनी गुडघे टेकून सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मला घेऊन बसले.

"हे बघ, गिव्ह अप," काका छाती काढून म्हणाले. "मी आयुष्यात कधीच गिव्ह अप केलं नाही."

बाईंचे डोळे मोठे झाले. ओठ थरथरले. "खो..."

"खोली? खोका? खोक..." काका घाईने सुचवू लागले, आणि एकदम त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. हात तसाच ठेवून ते बाईंकडे बघत राहिले. पुढच्या खोलीतल्या त्यांच्या दुकानातली सगळी घड्याळं टिकटिकत होती आणि माझा पत्रा गार पडला होता.

"खोटं!" बाई म्हणाल्या.

काका रडले आणि हसलेही. "खोटं गं बाई, साफ खोटं! लग्नानंतर तू मला इंग्रजी शिकवायला बसलीस आणि तिसऱ्याच दिवशी मी पळालो."

बाईंनी डाव्या हाताने ती चिठ्ठी उचलली आणि हळूच काकांच्या खिशात सरकवली. नियम म्हणजे नियम.

आता रोज संध्याकाळी शिकवणी असते. बाई शिकवतात आणि काका शिकतात. दोघंही चुकतात. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अडखळत बोलत असेल, तर त्याचं वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊ नका. हसू नका. जरा थांबा. थांबायला पैसे पडत नाहीत, पण ते फार जड जातं. मी काकांना थांबताना पाहिलंय.

माझ्यात एक चिठ्ठी अजून कमी आहे. शिकवणी संपली की काका ती खिशातून काढून विचारतात, "झालं का आता माझं वाक्य खरं? टाकू डब्यात?"

बाई बराच वेळ घेतात. काका थांबतात.

"उद्या... बघू," बाई म्हणतात.

त्यांनी हे रोज म्हणावं, एवढंच माझं मागणं आहे. ती चिठ्ठी मला परत नाही मिळाली तरी चालेल.