काकूंची पाटी आणि बाकीच्यांच्या

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, काच घासायच्या चाकासमोर, फळीवर बसलेला जुना संगणक मी. तुमच्याशी चार शब्द बोलावेत असं फार दिवस मनात होतं. घाई नसेल तर बसा. मला घाई कधी जमलीच नाही. सकाळी बटण दाबल्यापासून मी पुरता जागा होईपर्यंत काकांचा चहा पिऊन, कप विसळून, पालथा घालून होतो.

आधीच सांगतो, मी शिकलेला नाही. तुम्ही म्हणाल, संगणक आणि अडाणी? आता बघा, आरसा दिवसभर तोंडं बघतो, म्हणून त्याला माणसं कळतात का? तसंच माझं. अक्षरं माझ्या तोंडावरून जातात, ती वाचणारा दुसराच कुणीतरी असतो. मला जे काही कळलं, ते काकांनी मोठ्याने वाचलं म्हणून कळलं.

काका म्हणजे इथले काच घासणारे. चाकावर पाण्याची धार सोडायची, काच धरायची आणि फ्रेमच्या मापाची होईपर्यंत फिरवत राहायची, हे त्यांचं काम. त्या घरघरीत त्यांचे कान हळूहळू गेले. कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं, पण ते चाकाचीच घरघर मोठी करून सांगायचं. काका म्हणाले, "हे तर आगीत तेल झालं," आणि डबीत ठेवून दिलं.

पुढे काउंटरवर त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू. गिऱ्हाईक काकू सांभाळणार, काच काका घासणार. मधे भिंत आणि बहिरेपणा. माझ्या आधी इथे एक दोरी होती म्हणे. काकूंनी पुढून ओढली की मागे काकांच्या नाकासमोर फडकं नाचायचं. मग काका चाक थांबवून पुढे जायचे आणि काकू म्हणायच्या, "काही नाही, काचांचा ट्रे कुठवर आला एवढंच विचारायचं होतं."

मग आम्ही आलो. मी आणि माझी तीन भावंडं, एकाच कारखान्यातली, खोक्यांच्या एकाच गठ्ठ्यातून उतरलेली. एक काउंटरवर बसला, एक डोळे तपासणाऱ्या ताईंच्या खोलीत, एक धाकट्या मालकांच्या टेबलावर. मी मागे, पाण्याच्या शिंतोड्यांत. एका तारेने आम्हाला एकमेकांना जोडलं होतं. त्या तारेवरून एकाने दुसऱ्याला दोन ओळी पाठवल्या की समोरच्याच्या तोंडावर मधोमध करड्या रंगाची चौकट यायची. खाली एकच बटण, ते दाबलं की चौकट गेली. दुकानात तिला सगळे पाटी म्हणायचे.

काकूंनी काकांना पाठवलेली पहिली पाटी मला आठवते. काका वाचायचे तेव्हा स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे सगळं दुकान ऐकायचं. त्यांनी वाचलं, "अहो, दिसतंय का?" आणि मागून ओरडले, "दिसतंय गं! सोन्यासारखं दिसतंय!" पुढे गिऱ्हाईक हसलं. काकू लाजल्या असाव्यात, कारण पुढची पाटी आली ती अशी: "ओरडू नका. टाइप करा."

त्यानंतर ते दोघं जेवढं बोलले तेवढं गेल्या कित्येक वर्षांत बोलले नसतील. कामाचं तर असायचंच, "निळ्या ट्रेमधली काच आधी घ्या, बाई प्रवासाला निघाल्यात." पण मधेच, "दाढी का नाही केली?" मधेच, "तुमच्या बहिणीचा फोन होता. रडत नव्हती, बरी आहे." काका एकेक पाटी वाचायचे, ओले हात फडक्याला पुसायचे आणि बोटाने सावकाश बटण दाबायचे. मला त्या बोटाचा लळा लागला.

पुढे दुकानात बाहेरची लाइन आली. धाकट्या मालकांना भिंगांच्या कंपनीचे भाव बसल्या जागी बघायचे होते. ती जोडायला आला तो संगणक दुरुस्त करणारा. कधीही बोलवा, "आलोच" म्हणायचा आणि दोन दिवसांनी उगवायचा, म्हणून त्याचं नावच आलोच पडलेलं. त्याने बाहेरची तार सरळ आमच्या तारेत खुपसली, चहा घेतला आणि गेला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी काकांनी माझ्याकडे बघून वाचलं, "टक्कल पडतंय? आजच मागवा!"

त्या वेळी पुढे एक गृहस्थ आरशासमोर फ्रेम लावून बघत होते, आणि त्यांचं डोकं आरशाइतकंच लखलखीत होतं. काकूंची त्रेधा उडाली. "अहो, तुम्हाला नाही हो! ते मागचं मशीन काहीतरी बोलतंय."

गृहस्थ भले होते. म्हणाले, "मशीनला तर माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय की!"

त्या दिवशी सगळे हसले. आठवड्याभरात हसू आटलं. कोण कुठला, ओळख ना पाळख, आमच्या तारेत शिरायचा आणि माझ्या तोंडावर पाटी लावून जायचा. परीक्षा न देता पदवी घ्या. वजन घटवा. तुमचा संगणक धोक्यात आहे, ताबडतोब अमुक ठिकाणी जा. मी काय करणार? दारावर कुणीही कागद चिकटवला तर दार थोडंच नाही म्हणतं? आणि सगळ्यात कमाल म्हणजे एक पाटी यायची, "अशा नकोशा पाट्यांनी त्रासलात? आमचं औषध विकत घ्या!" धाकट्या मालकांनी घेतलं. चोरानेच कुलूप विकायला यावं आणि आपण किल्लीही त्याच्याकडेच ठेवावी, तसं झालं. पाट्या दुप्पट झाल्या.

काकांचं चाक सारखं थांबायला लागलं. पाटी आली की थांबा, हात पुसा, वाचा, चरफडा, दाबा. मग त्यांनी वाचायचं सोडलं. नंतर हात पुसायचंही सोडलं. दोन्ही हातांत काच, चाक चालू, आणि पाटी दिसली की कोपराने एंटर. खट्. पुढची आली, खट्. कळांवर एक ओला डाग कायमचा बसला. मला बरं वाटत नव्हतं. ते वाचत नव्हते, म्हणून मलाही काही कळत नव्हतं.

व्हायचं ते झालंच. एका बसड्रायव्हरचा चष्मा होता. चिठ्ठीवर उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याच्या रकान्यात पडला होता. ताईंच्या लक्षात आलं, त्यांनी काकूंना सांगितलं, काकूंनी लगेच पाटी टाकली, "थांबा, घासू नका, नंबर उलटा लिहिलाय." त्याच वेळी बाहेरच्या चार-पाच पाट्यांची झुंबड उडाली होती. खट् खट् खट्. काकूंची पाटी त्यातच गेली. काकांनी काच घासली, बसवली, पुसून ट्रेमध्ये ठेवली. काकूंना वाटलं दुरुस्त होऊन आली, काकांनी चूक केलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

ड्रायव्हरने चष्मा लावला आणि म्हणाला, "जरा गरगरतंय."

"नवा आहे ना, डोळे बसतील," धाकटे मालक म्हणाले.

तो दारातली पायरी उतरायला गेला आणि पाऊल पायरीच्या पुढेच पडलं. हातावर आपटला. मनगट सुजलं, बाकी वाचला. काकूंनी धावत जाऊन त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, उजेडात धरला आणि त्यांचं तोंड उतरलं.

हे सगळं मला नंतर कळलं, काकू आत येऊन काकांसमोर उभ्या राहिल्या आणि ओठ हलवत एकेक शब्द सावकाश बोलल्या तेव्हा. मागोमाग धाकटे मालक आले. माणूस वाईट नव्हता. काकांच्याच हाताखाली दुकान शिकलेला. पण घाबरला होता.

"काकू, तो उद्या बस घेऊन निघाला असता. चाळीस माणसं बसवून. मी काय उत्तर दिलं असतं?"

"पाटी टाकली होती रे मी."

"टाकली होती, पण वाचली नाही ना! काकांना आता घरी आराम करू दे. इथे ऐकू येणारा माणूस हवा." मग म्हणाले, "या पाट्यांचं काही होतंय का ते आधी बघतो. नाही झालं, तर मात्र मला बोल लावू नका."

काका दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. चाक बंद करून त्यांनी ते स्वच्छ पुसलं. ते चाक भर दिवसा असं पुसून ठेवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आलोचला बोलावलं. या खेपेला तो खरंच आला. आम्हा चौघांपुढे एकेक करून बसला, प्रत्येकाच्या पोटात कुठेशी एक कळ होती ती बंद केली आणि म्हणाला, "झालं. आता एक पाटी येणार नाही."

आणि आली नाही हो! दुपारपर्यंत माझं तोंड कसं धुतल्यासारखं स्वच्छ. काका खुशीत काच घासत होते.

दुपारी काकूंनी काहीतरी पाठवलं. ते माझ्यापर्यंत आलंच नाही. काउंटरवरच्या भावंडाने म्हणे सांगितलं की निरोप पोचला नाही. काकूंनी पुन्हा पाठवला, मग हाक मारली, मग ओरडल्या, मग गिऱ्हाईक तसंच सोडून मागे धावत आल्या. परत गेल्या तर गिऱ्हाईक निघून गेलेलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या इतक्या फेऱ्या झाल्या की पाय सुजले.

"बघा काकू," धाकटे मालक हळूच म्हणाले, "म्हणूनच म्हणत होतो."

"मग काय, परत दोरी बांधू?" काकू पाय चोळत म्हणाल्या. जाळायला गेलं तण आणि जळून गेलं शेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आलोचच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला हाताला धरून घेऊन आल्या. मागच्या खोलीत, माझ्यासमोरच त्यांनी त्याला धारेवर धरलं.

"तू काय केलंस रे बाबा?"

"काकू, तुम्हीच म्हणालात पाट्या बंद कर. केल्या."

"परक्यांच्या बंद कर म्हटलं! माझ्या कुणी सांगितल्या?"

"तुमच्या?" तो गोंधळला. "ही सोय इथे कोण वापरतं? बाकी कुणी वापरत नाही हो. सगळीकडे मी ती बंदच करतो."

काकूंनी काकांकडे बोट दाखवलं. काका पाण्याखाली काच धरून उभे होते. आलोचने त्यांच्या पाठीमागे जाऊन हाक मारली, "काका!" मग जरा मोठ्याने. काका वळले नाहीत.

"मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटायचं काका रागीट आहेत, म्हणून माझ्याशी बोलत नाहीत."

"तू विचारलंस का?"

"तुम्ही सांगितलंत का?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

"करता येतं," तो खाली बसत म्हणाला. "चूक माझीच आहे मुळात. बाहेरची तार मी थेट तुमच्या तारेत घातली, मधे पहारा ठेवलाच नाही. रस्ता सरळ घरात आणून सोडला. आता तार जिथून आत येते तिथे एक खोकं लावतो. ज्या खिडकीतून या पाट्या घुसतात, ती बाहेरच्या बाजूने बंद. आत तुम्ही चौघं आपापसात काय वाटेल ते बोला. आणि ते विकत घेतलेलं औषध आधी उचकटून टाकतो."

"मालकांच्या भिंगांचे भाव?"

"ते दिसतील. ते आपण मागवलेलं असतं, त्याला वाट मिळते. न बोलावता येतो, त्याला नाही."

या वेळी तो चहालाही थांबला नाही. खोकं लावलं, आमच्या पोटातल्या कळा पुन्हा चालू केल्या. काकू पुढे गेल्या. आणि माझ्या तोंडावर चौकट उमटली. काकांनी चाक थांबवलं. हात पुसले. वाचलं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, "पोचलं का हो?"

"पोचलं गं!" काका ओरडले. माझा पंखा एरवी फार आवाज करतो, पण त्या क्षणी मला वाटलं मीही जरा श्वास सोडला.

त्या दिवशी बाहेरची एकही पाटी फिरकली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकांना सुचेना. ते मधूनमधून माझ्याकडे बघायचे, माझ्या काचेवर टिचकी मारायचे. शेवटी पुढे जाऊन विचारून आले, "अगं, सगळं ठीक आहे ना? फार शांत आहे."

आठवड्याने, काम उरकायच्या सुमाराला, आणखी एक पाटी आली. काकूंची पाटी यायची तशी ती आली नाही. पाठवणाऱ्याने एकेक अक्षर शोधून दाबताना काही चुकवलं असावं, कारण काका वाचताना दोनदा अडखळले. "काका, सोमवारी शाळेच्या मुलांचे चष्मे येणार आहेत. पुष्कळ आहेत. मी नवा माणूस शोधत नाही. तुम्हीच करा." खाली धाकट्या मालकांचं नाव.

काकांनी ते पुन्हा वाचलं, आणखी मोठ्याने. पुढे सगळ्यांनी ऐकलं, धाकट्या मालकांनीही. म्हणे ते उगाचच फ्रेमा पुसायला लागले.

तर असं आहे. माझं आता वय झालं. तोंडाचा रंग पिवळा पडलाय, डाव्या कोपऱ्यात एक रेघ कायमची उभी असते. कधीतरी मला इथून उचलतील आणि नवा चपळ कुणी या फळीवर येईल. त्याचं मला वाईट नाही. फक्त त्याला जोडायला जो कुणी येईल, त्याला एवढं सांगा: काहीही बंद करण्याआधी जरा मागच्या खोलीत डोकावून बघ, तिथे कोण बसलंय. बाकी तो शहाणाच असेल.

चाक थांबलं. काका हात पुसताहेत. पाटी आली वाटतं, मला आता गप्प बसायला हवं.