कळ दाबण्याआधी

वॉलिंगा बंदराच्या धक्क्यावरचे होड्यांचे तांडेल त्या काळी हवामानाच्या अंदाजापेक्षा नोएलीनच्या आवाजावर जास्त विसंबून असत. नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा आडवा पडलेला. जाताना आणि येताना, दांडा ओलांडण्याआधी प्रत्येक होडीने वायरलेसवर मच्छीमार सोसायटीला कळवायचं, असा नेम होता. सोसायटीच्या माडीवर वायरलेसपुढे नोएलीन ट्रँटर बसायची. ऐन पंचविशीत तिची नजर गेली होती. कुठली होडी बाहेर आहे, वर किती माणसं आहेत, ते ती जाड पत्त्यांवर ब्रेलमध्ये टोचून ठेवायची आणि संध्याकाळी शेवटची होडी परतून तिचा पत्ता डब्यात पडल्याशिवाय जागची हलायची नाही.

मग कॉम्प्युटर आला. विमा कंपनीचं म्हणणं, तांडेल बोलत असतानाच नोंद कॉम्प्युटरवर चढली पाहिजे, आणि शुक्रवारी त्यांचा माणूस स्वतः येऊन बघणार. सोसायटीचा मॅनेजर डार्सी दोन दिवस तिच्या टेबलाभोवती घुटमळला आणि शेवटी बोलला.

"तुला जमलं तर खुर्ची तुझीच, नोल. नाही जमलं तर मला डोळस मुलगी बघावी लागेल. मला त्यात आनंद आहे असं समजू नकोस."

"डोळस मुलगी चार दिवस समुद्र बघेल आणि मग तुझं तोंड बघून पळून जाईल," नोएलीन म्हणाली. पण त्या दिवशी तिला चहाबरोबरचा स्कोन गोड लागला नाही. ही खुर्ची गेली तर उरलं काय, भिंतीपलीकडच्या शेजारणीचा टीव्ही.

शहरातल्या अंधसंस्थेचा लेस्टर तीन यंत्रं गाडीत घालून घेऊन आला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, स्क्रीन रीडर, तिन्हींत तोच होता. फरक यंत्रांचा. पहिलं कोरं करकरीत, पण कळ दाबल्यावर अर्ध्या शब्दाने मागून बोलायचं, पलीकडच्या खोलीतून कुणी ओ द्यावी तसं. संध्याकाळी चार तांडेल एकदम बोलायला लागले की ते कुठल्या कुठे मागे पडलं असतं. दुसरा लॅपटॉप. चपळ होता, पण त्याच्या कीबोर्डला उजवीकडची आकड्यांची पट्टीच नव्हती, आणि वाचनाच्या सगळ्या आज्ञा नेमक्या तिथे. तिची बोटं तिकडे जायची आणि टेबलावर आपटायची.

तिसरं जुनं, कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून आलेलं. त्याला बोलण्यासाठी वेगळी पत्र्याची पेटी जोडलेली होती, पावाच्या लादीएवढी, हाताला गार. नोएलीनने कळ दाबली आणि आवाज तिथे हजर होता. मागे नाही, पुढे नाही.

"हेच," ती म्हणाली.

"म्हातारं आहे हं," लेस्टर म्हणाला. "पडदाही जुना आहे, अंधुक."

"पडदा डार्सीसाठी असू दे. त्यालाही काहीतरी काम हवं."

बाकीची दोन आठवडाभर कोपऱ्यात राहू देतो, असं सांगून लेस्टर गेला.

सोमवार छान गेला. पेटी इतकी भरभर बोलायची की डार्सीला वाटे डब्यात माशी अडकली आहे. नोएलीनला मात्र शब्दन् शब्द कळे. मंगळवारी डार्सी गमतीने म्हणाला की होडीवाल्यांनी तोंड उघडायच्या आत तू नाव लिहून मोकळी होतेस. ती हसली. आणि मग तिच्या लक्षात आलं की ते खरंच होतं. पेटी होडीचं नाव घ्यायची, तिची बोटं ते लिहायची, आणि मग वायरलेस खरखरायचा.

कानांनी फसवलं असेल म्हणून तिने पारखून बघितलं. एम या अक्षरावर बोट नुसतं अधांतरी धरलं. पेटीने एम म्हटलं. तिने बोट मागे घेतलं. मग दुसरी कळ दाबली, तिसरी दाबली. पेटी गप्प. बिघडलेल्या यंत्राचं गप्प बसणं निराळं असतं. हे तसं नव्हतं, हे समोर बसलेल्या माणसाचं होतं. ना राग, ना घाई, नुसती तिच्या हाताची वाट बघणं. शेवटी न राहवून तिने एम दाबला, आणि पेटी पुन्हा सुरळीत बोलू लागली.

हे सांगायचं कुणाला? शुक्रवार तोंडावर आला होता, आणि या यंत्रावर तिची एक नोंद चुकत नव्हती. तिने पुढची नोंद घेतली.

गुरुवारी दुपार कलताना बाहेर एकच होडी उरली, तिच्या धाकट्या भावाची, रॉयची पेटुनिया. खिडकीतून ऊन तिच्या मनगटावर आलं होतं. खाली धक्क्यावर कुणी पाइपाने फरशी धूत होतं. वायरलेस शांत होता. तिचे हात कीबोर्डवर नुसते टेकले होते.

पेटी म्हणाली, "पेटुनिया."

जरा थांबली.

"परत आली नाही."

नोएलीनचे हात तिथेच राहिले. एवढ्यात वायरलेस खरखरला आणि रॉयचा नेहमीचा मोकळा आवाज आला. "वॉलिंगा, मी पेटुनिया. दांड्याशी आलोय गं, आत घेतोय. चहा टाक."

तिच्या उजव्या हाताची बोटं पेटुनियाच्या पी या अक्षराकडे सरकायला लागली. तिने सरकवली नव्हती. तिने तो हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्याने वायरलेसचं बटण चेपलं.

"रॉय, आत येऊ नकोस. बाहेरच थांब."

"का गं? काय झालं?"

"मी सांगते म्हणून."

डार्सी खिडकीशी गेला. दांडा ताटासारखा सपाट आहे, तो म्हणाला, आणि मग तिच्याजवळ येऊन हलक्या आवाजात, धक्क्यावर सगळे तांडेल ऐकतायत, नोल. ते तिलाही ठाऊक होतं. ज्या बाईला समुद्र दिसत नाही तिने सपाट दांड्यावर होडी अडवली, तीही भावाची. एकदा तिच्या शब्दावरचा विश्वास उडाला की मग खुर्ची जायला शुक्रवारच्या माणसाची गरजच नव्हती.

"थांब," ती पुन्हा म्हणाली. मग चाचपडत पेटीची वायर शोधली आणि उपटून काढली.

वायरलेसवर कुणीतरी हसलं. दुसऱ्या कुणीतरी विचारलं, नोएलीनला आता दिसायला लागलं की काय.  बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग रॉयने विचारलं, "आता येऊ?" त्याचा आवाज वेगळा होता. पेटी मेलेली होती. आता हो म्हणायचं ते तिला एकटीलाच म्हणायचं होतं.

"ये," ती म्हणाली.

रॉय माडीवर आला, बोय माशांची पिशवी खाली ठेवली आणि टोपी हातात धरून उभा राहिला. त्याला ओरडायचं असेल म्हणून डार्सी बाहेर गेला.

"एकच लाट उठली, नोल," तो म्हणाला. "सपाट पाण्यातून. उभी राहिली आणि मोडली. मागे नाही, पुढे नाही. मी आलो असतो तर नेमका तिथेच असतो." मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

तिने चहा ओतला.

शुक्रवारी तिने कोपऱ्यातलं पहिलं यंत्र लावायला सांगितलं, ते अर्ध्या शब्दाने मागे राहणारं. डार्सीने कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी विम्याचा माणूस तिच्या मागे उभा असताना चार होड्या एकदम बोलायला लागल्या, आणि ती म्हणाली, "एकेक जण बोला. माझं होईतो पुढच्याने थांबायचं." त्यांना अशी सवय नव्हती. पण रॉयने आदल्या संध्याकाळी धक्क्यावर काहीतरी सांगितलं असावं. सगळे गप्प झाले आणि शाळेतल्या मुलांसारखे पाळीने बोलले. एकही नोंद सुटली नाही. विम्याचा माणूस म्हणाला, वायरलेसवर एवढी शिस्त मी कुठे बघितली नाही. खुर्ची राहिली.

लेस्टर जुनं यंत्र घेऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"अगं, त्या पेटीत काय अर्धवट ठेवलंयस? जोडली की पेटुनिया म्हणते आणि थांबते. मी काहीही टाइप केलं तरी पुढे सरकत नाही."

"कुणाला देऊ नकोस ती," नोएलीन म्हणाली.

"बिघडलीय?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर कित्येक वर्षं नोएलीन त्या संथ यंत्रावरच बसली. चांगली नवी यंत्रं आली, ती तिने घेतली नाहीत. रोज संध्याकाळी रॉय आत आल्याचं सांगायचा, ती लिहायची, पेटुनिया परत. लिहून झालं की दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायची आणि मांडीवर घट्ट धरून ठेवायची, यंत्र मागून येऊन परत हा शब्द उच्चारेपर्यंत.