भुंगेऱ्यांची हजेरी

दुपारी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत डोळा लागला की मला एकच स्वप्न पडायचं. कुणीतरी दुरून नावं पुकारतंय. डॉयल. पेटिट. धाकटा केर्शॉ. प्रत्येक नावानंतर जराशी शांतता, आणि त्या शांततेत मधमाश्यांची गुणगुण. नदीकडून पेपरबार्कच्या फुलांचा जड, गोड वास यायचा, छपराचा पत्रा उन्हाने कुरकुरायचा आणि मी त्या नावांवर तरंगत आणखी खोल जायचे. इतकी सुखाची झोप मला लग्न झाल्यापासून मिळाली नव्हती. म्हणून मी त्या स्वप्नाची फार चौकशी केली नाही.

नावं ओळखीची होती. माझ्या नवऱ्याचा, क्लॅरीचा, उभा जन्म तुरुंगात गेला. घाबरू नका, गजांच्या बाहेरच्या बाजूला. वॉर्डर होता. तुरुंगाच्या भिंतीला लागूनच आमचं सरकारी घर होतं आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसायचं. रोज संध्याकाळी ड्यूटी बदलताना क्लॅरी नव्या माणसाच्या हातात किल्ल्या द्यायचा आणि म्हणायचा, "सगळे आत. सगळं शांत." एवढ्यावर घरी यावं की नाही? पण नाही. तिथेच घुटमळायचा, पुन्हा एकदा डोकावायचा, आणि इकडे माझं ताट गार. गार जेवण हे आमच्या संसारातलं मुख्य पक्वान्न होतं.

निवृत्त झाल्यावर आम्ही नदीकाठच्या या उतारावर आलो आणि त्याने मधमाश्या पाळल्या. मग हळूहळू त्याला विसर पडायला लागला. आमच्या मुलीचं नाव आता त्याला आठवत नाही, पण पेटिट कुठल्या कोठडीत होता ते विचारा, झोपेतसुद्धा सांगेल. त्यातच त्या उन्हाळ्यात पाऊस थांबेचना. फुलांतला रस धुऊन गेला, माश्या उपाशी पडल्या, आणि दुबळ्या पेट्यांवर भुंगेरे तुटून पडले. मसुराएवढा काळा, चकचकीत किडा. त्याच्या अळ्या झाल्या की मधाचा चिकट राडा होतो आणि सडक्या संत्र्यांचा वास सुटतो. एकामागून एक पेट्या गेल्या. राहिली एकच, कागदासारखी साल सुटणाऱ्या जुन्या पेपरबार्कच्या झाडाखालची.

सकाळी उठून बूट घालायला क्लॅरीला काहीतरी कारण लागायचं, आणि ते कारण म्हणजे ही पेटी होती. ती गेली तर तो पलंगावरून उठणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी लाइलला बोलावलं. लाइल आमच्या भागातल्या मधमाशीवाल्यांचा पुढारी. दाराएवढा रुंद माणूस, पण पेटीपाशी मांजरीसारखा चालतो.

त्याने झाकण उचललं आणि तोंड वाकडं केलं.

"नोरीन, अगं माश्या मूठभर आणि घर केवढं! या बिचाऱ्या राखणार तरी किती?"

त्याने वरचा मजला काढून टाकला. राणीमाशी आणि माश्यांनी झाकलेल्या पोळ्याच्या तेवढ्याच चौकटी लहान पेटीत घातल्या. दार बोटभर ठेवलं. पेटी झाडाच्या सावलीतून काढून कडक उन्हात, काँक्रीटच्या लादीवर मांडली, कारण भुंगेऱ्याच्या अळ्यांना कोष करायला मऊ, ओली माती लागते. चौकटींवर भांडी पुसायचं फडकं पसरलं. त्याच्या धाग्यांत भुंगेऱ्यांचे पाय अडकतात. उरलेल्या चौकटी, आतले किडे मरावेत म्हणून, कचऱ्याच्या पिशवीत बांधून माझ्या फ्रीजरमध्ये कोंबल्या, आइस्क्रीमच्या डोक्यावर.

"आता नीट ऐक," तो म्हणाला. "माश्यांना हा किडा मारता येत नाही, कवच टणक असतं त्याचं. मग त्या काय करतात, त्याला कोपऱ्यात रेटतात, भोवती झाडाच्या चिकाची भिंत घालतात आणि पहारा देतात. झाकण उघडलं की भिंत तुटते. सगळे कैदी मोकळे, आणि मोकळे झाले की अंडी घालतात. या पेटीतल्या सगळ्या कोठड्या फुटल्यात. दिवसातून किती वेळा उघडता तुम्ही?"

"दिवसातून? आठवड्यातून एकदा, तेही मी सोबत असते."

लाइल जाताना एवढंच म्हणाला, "पुढच्या खेपेला आत अळ्या दिसल्या ना, तर मला पेटी उचलून न्यावी लागेल. बाकीच्यांच्या पेट्या आहेत आजूबाजूला. राग मानू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला पुन्हा ते स्वप्न पडलं. डॉयल. पेटिट. मी नेहमीसारखी खाली खाली चालले होते, आणि मध्येच क्लॅरीच्या हातावरच्या गाठी आठवल्या. मी त्यांना डासांच्या समजून रोज मलम लावत होते. मी डोळे उघडले. नावं थांबली नाहीत.

क्लॅरी उन्हात उभा होता. जाळी नाही, धूर नाही. झाकण गवतावर पडलेलं, हातात पेटी उघडायची पोलादी पट्टी. तो वाकून, अगदी मायेने, हजेरी घेत होता. एका नावाला एक भुंगेरा. त्याच्या बोटांमधून काळे ठिपके पेटीतल्या अंधाराकडे पळत होते.

"क्लॅरी! अरे काय करतोयस?"

"श्श. चुकेल माझं." त्याने धाकट्या केर्शॉला शोधून काढलं आणि मगच मान वर केली. "इकडे ये. बघ."

एका कोपऱ्यात माश्यांनी रातोरात घातलेली एक भिंत शाबूत होती. आत एक भुंगेरा, बाहेर एक माशी. भुंगेऱ्याने फटीतून तोंड काढून माशीच्या तोंडावर हलकेच टकटक केलं. माशीने मधाचा थेंब काढून त्याला भरवला.

"आता याला काय म्हणायचं?" मी म्हणाले. "घर लुटायला आलेल्याला जेवायला घालते, मूर्ख कुठली!"

"भूक लागते गं त्यांना," क्लॅरी म्हणाला. "ते मागतात. नाही म्हणवत नाही."

मी डब्यात भरून चार सँडविच द्यायचे आणि हा गडी संध्याकाळी भुकेला परत यायचा. मी आपली पावाच्या नावाने खडे फोडत असे. तिथे उन्हात उभं राहून मला कळलं, ती सँडविच कुणाच्या पोटात जायची. पण लाड करायची वेळ नव्हती. मी झाकण लावलं आणि त्याला घरात आणलं.

मग आमची लढाई सुरू झाली. मी पट्टी लपवली, त्याने माझी पाव कापायची सुरी नेली. मी झाकणावर विटा ठेवल्या, त्याने त्या शिस्तीत खाली रचून ठेवल्या. मी दाराला कडी घातली, तेव्हा तो दाराशी बसून लहान मुलासारखा रडला. "हजेरी झाल्याशिवाय कसं येऊ मी? बदलीवाला आलाच नाही. असा तुरुंग टाकून येतात का?" माझा संताप झाला. त्याच्यावर, भुंगेऱ्यांवर, सगळ्यांवर. आपण रडलो तर कुणी थांबवायला नाही हे लक्षात आल्यावर मी रडलेही.

पण त्या रात्री अंथरुणावर त्याचे शब्द डोक्यातून जाईनात. बदलीवाला आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याची वॉर्डरची जुनी टोपी डोक्यावर चढवली, पट्टी घेतली आणि त्याच्या आधी पेटीपाशी जाऊन उभी राहिले. ऊन डोळ्यांत चुरचुरत होतं. क्लॅरी उतारावरून आला आणि मला पाहून थबकला.

"हजेरी झाली, साहेब," मी जाड आवाजात म्हणाले. "सगळे आत. सगळं शांत."

त्याने मला खालून वर न्याहाळलं. "डॉयल?"

"आत."

"पेटिट?"

"आत. झोपलाय."

"तो झोपला की जास्त लक्ष ठेवायचं. आपल्या हातावर तुरी द्यायला बसलेला असतो." तो झाकणाकडे बघत राहिला. माझा जीव टांगणीला लागला. "केर्शॉ जेवला का?"

"जेवला, साहेब."

क्लॅरीने मान डोलावली. बंद झाकणावर एकदा हात फिरवला आणि तो वळून घराकडे गेला.

अशी मी नोकरीला लागले. कधी दुपारी एकदा, कधी चार-चारदा. तो नावं पुकारायचा, मी "आत" म्हणायचे, आणि आमच्या मधोमध ती लहानशी पेटी गुणगुणत असायची. माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. पण खरं सांगायचं तर तिथे उभ्या उभ्याही मला झोपेतल्यासारखंच वाटायचं. माझंच स्वप्न होतं ते, फक्त आता उत्तरं मी देत होते.

थंडी सरली, बॉटलब्रशची झाडं लाल झाली, आणि लाइलने येऊन पेटी उघडली. फडक्यात मेलेले भुंगेरे अडकले होते. दोन कोपऱ्यांत भिंती पक्क्या, पहारेकरी जागेवर. पोळ्यावर पिल्लांची घरं काठोकाठ, भुंगेऱ्याची एकही अळी नाही. लाइल म्हणाला, "काय जादू केलीस गं?" मी म्हणाले, "नोकरी केली." त्याने पेटीवर दुसरा मजला चढवला आणि मी त्याला केक बांधून दिला.

त्याच दुपारी क्लॅरी आला. नावं झाली, उत्तरं झाली. मग नेहमीसारखा वळायच्या ऐवजी तो जवळ आला.

"नवीन ना तू? चांगलं काम करतोस."

"हो, साहेब."

"लग्न झालंय?"

"झालंय."

"मग माझं ऐक, पोरा. ड्यूटी संपली की सरळ घरी जायचं. इथे घुटमळायचं नाही. माझी बायको रोज ताट वाढून खिडकीशी बसते. मला दिसते इथून. आणि मी मेला एकदासुद्धा वेळेवर गेलो नाही." त्याने टोपी सारखी केली, माझ्या डोक्यावरची. "आज जातो."

तो पुढच्या पायऱ्यांकडे सावकाश निघाला. मी परसदारी पळाले. या गुडघ्यांनी मी असं पळेन असं वाटलं नव्हतं. कपडे धुवायच्या टबात टोपी फेकली, ॲप्रन ओढला, फ्रीजमधलं कालचं खारं बीफ आणि बटाटे ताटात घातले आणि खिडकीशी जाऊन बसले. छाती धपापत होती.

क्लॅरीने पायपुसण्यावर बूट पुसले आणि आत आला.

"नोरीन," तो म्हणाला, "बघ, आज वेळेवर आलो."

"आलास रे," मी म्हणाले. "बस."

तो बसला. फ्रीजमधल्या मांसाचा एक तुकडा त्याने तोंडात घातला, डोळे मिटून चावला आणि माझ्याकडे बघून हसला.

"अजून गरम आहे की गं," तो म्हणाला.