फुकटचं पहिलं प्रकरण

माझ्या नवऱ्याला, श्यामकांतला, पूर्ण किमतीत काही घ्यायचं म्हटलं की पित्त खवळतं. बोरीवलीच्या बाजारातसुद्धा तो भाजीवाले आवरायला लागले की जातो. तेव्हा भाव उतरतो ना.

निवृत्त झाल्यावर त्याला एक वेबसाइट सापडली. आज कुठलं ई-पुस्तक स्वस्त झालं, ते ती रोज सकाळी मेलवर कळवते. त्याने ढीगभर पुस्तकं घेऊन ठेवलीत, वाचलं एकही नाही. माझं डोकं फिरतं.

मग मी दुपारी तो झोपला की गुपचूप एक कादंबरी लिहिली आणि टोपणनावाने ई-पुस्तक काढलं. मुद्दाम सवलतही ठेवली. काल त्याच्या मेलमध्ये तीच आली.

"शुभा, बोरीवलीतली गोष्ट आहे गं."

"घे मग."

"थांब, अजून उतरेल. पहिलं प्रकरण फुकट आहे, तेवढं वाचतो."

त्या प्रकरणात एक निवृत्त गृहस्थ कोथिंबीर फुकट मिळावी म्हणून भाजीवालीशी हुज्जत घालतो. श्यामकांतचा चहा गार झाला. प्रकरणाच्या शेवटी गृहस्थाची बायको बॅग भरून दार उघडते. फुकटचं तिथेच संपतं.

दुपारी मी सवलत काढून टाकली.

संध्याकाळी तो म्हणाला, "शुभा, किंमत वाढली."

"थांब की. उतरेल कधीतरी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा पूर्ण किमतीत काहीतरी घेतलं.